दोराला बांधलेला डोंगा

"हाललीस. तू पुन्हा हाललीस, कांचन. आता सारे पाण्यात."

नीळकंठ म्हाताऱ्यानं हातातली झाडूची काठी पलंगाच्या पायावर हाणली. पलंग म्हणजे डोंगा, काठी म्हणजे बांबू आणि खालची फरशी म्हणजे धरणाचं पाणी. पलंगावर सारं घर ओळीनं मांडी घालून बसलेलं. पुढं नात वंदना, मधे सून कांचन, मागं मुलगा गोपीनाथ.

"मामाजी, गॅसवर दूध हाय माह्यं," कांचन म्हणाली.

"डोंग्यात गॅस नसते. दुधापायी उठशील अन् पोरीले घेऊन बुडशील. बस गुमान."

दूध उतू गेलं. घरभर वास सुटला, पण कुणी हाललं नाही. समोरच्या क्वार्टरातल्या सुलभाबाई कपडे वाळत घालता घालता थांबल्या आणि डोळे फाडून बघत राहिल्या. बघेनात का. म्हाताऱ्याच्या अंगात कितीतरी दिवसांनी जीव आला होता.

म्हाताऱ्याची बायको वारली तसं गोपीनाथनं त्याला वैनगंगेच्या काठावरून उचललं आणि इथं भोपाळात, कारखान्याच्या टाऊनशिपमधे, दुसऱ्या मजल्यावर आणून ठेवलं. पोराचं चुकलं असंही नाही. पण सारा जन्म डोंग्यात मासे धरत काढलेला धिवर माणूस, त्यानं इथं करावं काय? पाणी म्हणाल तर नळाला, तेही सकाळच्यापारी. गोपीनाथ पाळीला जायचा, पोरगी शाळेत जायची, आणि म्हातारा गॅलरीचे गज धरून गोविंदपुऱ्याकडच्या धुराड्यांकडं बघत उभा राहायचा. खाली उतरावं तर सगळी क्वार्टरं सारखी. एकदा तो भलत्याच्याच दारात जाऊन बसला होता. तेव्हापासून उतरणंही बंद झालं. गावी परत जावं तर डोंगा कुजून गेलेला आणि घरात पुतण्या नांदत होता. जवळ उरलं होतं एक फेकायचं जाळं. ते पलंगाखाली गुंडाळून पडलं होतं.

"पिंजऱ्यातल्या पोपटाले मिरची तरी भेटते," तो म्हणायचा आणि ताट सरकवायचा.

मग एक दिवस गोपीनाथ पाळीवरून आला तो हसतच. त्याच्यासंगं काम करणाऱ्या मनोहरच्या भावाची शहराबाहेरच्या धरणावर नाव होती. "बा, साऱ्यायनं जाऊ. तू डोंगा चालव, तू जाळं फेक. आमी तुह्या मागं बसतो." त्या दिवशी म्हातारा पोटभर जेवला, आणि दुसऱ्या दिवसापासून पलंगावरची ही तालीम सुरू झाली.

त्यांच्या घरची एक रीत होती. नव्या पाण्यात बायकापोरं घालायच्या आधी कर्त्यानं एकट्यानं जाऊन ते पाणी बघायचं, त्याला हळदकुंकू वाहायचं, मगच घरच्यांना न्यायचं. म्हणून आधल्या रविवारी म्हातारा लेकाच्या स्कूटरवर बसून धरणावर गेला. गोपीनाथ काठावर थांबला. म्हातारा नाववाल्याबरोबर आत गेला.

त्यानं हळदकुंकू सोडलं, बांबू हातात घेतला आणि पाण्याकडं बघितलं. पाणी परातीतल्यासारखं निवांत होतं. बांबू टाकला, तळ लागला. हातभर पुढं टाकला तर अख्खा बांबू आत गेला आणि तळाचा पत्ता नाही.

"सँभल के, बाबा," नाववाला म्हणाला. "नीचे सागौन का पूरा जंगल खड़ा है। किसी ने काटा ही नहीं, ऊपर से पानी भर दिया। गाँव भी है, कुएँ भी।"

तेवढ्यात नाव कशावर तरी घासली आणि एका अंगाला कलली. नाववाल्यानं पायानं खोड ढकललं आणि बिडी पेटवली. त्याला काही वाटलं नाही. म्हाताऱ्यानं मात्र बांबू आत ओढून घेतला. नदीत खडक असला तर वर पाणी मोडतं, भोवरा असला तर पाणी फिरतं. त्याच्याशी पाणी जन्मभर बोलत आलं होतं. हे पाणी काहीच बोलत नव्हतं.

"कसं हाय पाणी, बा?" गोपीनाथनं विचारलं.

"हाय," म्हातारा म्हणाला आणि स्कूटरवर बसला.

आता बसला का कोंडीत? खरं बोलावं तर धिवर म्हणून जे काही उरलं होतं तेही गेलं. मग ती गॅलरी, ते गज आणि तो एक खाऊनपिऊन पडलेला म्हातारा. गप्प बसावं तर त्या खोडांवर नातीला घेऊन जायचं. घरी येऊन बघतो तर कांचननं डबाभर चिवडा केलेला, गोपीनाथची रजा मंजूर झालेली, वंदनानं साऱ्या वर्गाला सांगून ठेवलेलं. आणि तिघंही आपण होऊन पलंगावर ओळीनं बसलेली.

"आजोबा, आज मी बिलकुल नाही हालणार," वंदना म्हणाली.

म्हाताऱ्यानं काठी उचलली. मग ती पलंगाला टेकवून ठेवली. तो तसाच खाली फरशीवर बसला.

"उतरा सारे," तो म्हणाला. "मले ते पाणी समजत नाई."

मग गोपीनाथ म्हणाला, "जाऊ दे, बा. नाई जाऊ. मी मनोहरले सांगतो."

"काऊन नाई जाऊ?" कांचन पलंगावरून उतरली. "डोंगा बांधा काठाले. दोर पुरन तेवढंच जाऊ."

"धिवराचा डोंगा बांधून? म्हैस हाय का ते?"

"मी माहेरी म्हशीच चारल्या, मामाजी. नव्या रानात म्हैस दोराले बांधूनच सोडतो आमी, अन् ती पोटभर चरते." मग तिचा आवाज खाली आला. "मले पोहता येत नाई. इतके दिवस तुमाले कशाचंच भेव नव्हतं, त मीच भेवात होती. आता बसतो मी तुमच्यासंगं."

म्हातारा रागानं गॅलरीत जाऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी मात्र गोपीनाथबरोबर जवाहर चौकात गेला आणि एकेक दोर पायाखाली धरून, ओढून बघत त्यानं दुकानदाराचा जीव नकोसा केला.

रविवारी काठावरच्या पळसाला त्यानं स्वतःच्या हातानं गाठ मारली. नाववाला खो खो हसला. हसू दे. सगळी पलंगावर बसायची तशीच बसली, कुणी हाललं नाही. दोर ताणला तसा म्हातारा उभा राहिला आणि त्यानं जाळं फेकलं. गोल, पुरं उघडलेलं जाळं पाण्यावर पडलं.

ओढताना ते खाली खोडात अडकलं. म्हातारा ओढू लागला तशी नाव कलली. कांचननं पोरीला घट्ट धरलं, पण ती जागची उठली नाही.

"गोपी, दोर ओढ," म्हातारा म्हणाला. गोपीनाथ हात हात दोर ओढत गेला, नाव काठाकडं सरकली आणि जाळं टराटरा फाटत निघालं. त्यात ओंजळभर बारकी मासोळी आणि सागाची एक काळी फांदी होती. अर्धं जाळं धरणानं ठेवून घेतलं होतं.

त्या दिवसापासून म्हातारा गॅलरीतच असतो. जाळ्याचं एक टोक गजाला बांधलेलं, तोंडात सुतळी, आणि फाटकं विणणारे हात चालू. ताट वाढलं तरी त्याला दोनदा हाक मारावी लागते.

"कधी होईन हो हे, मामाजी?" कांचननं विचारलं.

"होईन," म्हातारा मान वर न करता म्हणाला. "गोपीले सांग, दोर अजून थोडा घेऊन ठेव म्हणाव."