पिवळ्या पट्टीतली मुंगी

मित्रांनो, मी गाडीचा एक जुना वायपर आहे. ड्रायव्हरच्या बाजूचा, लांबडा. सध्या कोल्हापुरात मगदुमांच्या घरापुढच्या कट्ट्यावर पडून असतो. आधीच सांगून ठेवतो, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. तुम्ही माझी गोष्ट शेवटपर्यंत ऐकाल, याचीही मला शंकाच आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. अंगाला लोखंडाचा सांगाडा आणि त्याला रबराची धार. त्या धारेवरच आमचं सारं पोट. मग मला एका पांढऱ्या गाडीवर बसवलं आणि ती गाडी श्रीपालअण्णा मगदुमांच्या दारात आली.

अण्णा माणूस चांगला, पण त्यांची एक खोड होती. नव्या वस्तूवरचं प्लास्टिक ते काढू देत नसत. घरातला सोफा प्लास्टिकात, टीव्हीचा रिमोट प्लास्टिकात आणि गाडीची सीटसुद्धा चार वर्षं प्लास्टिकात. "वरचं निघालं की वस्तू जुनी झाली म्हणून समजायचं," असं ते म्हणत. एवढं जपणारा माणूस नक्की काय लपवत असेल, असं मला वाटे.

त्यांच्या पत्नी प्रभावतीकाकू. त्यांच्यावर तर माझा पहिल्या दिवसापासून संशय होता. गाडी निघायच्या आधी त्या मऊ फडकं घेऊन यायच्या, काचेवरून अलगद फिरवायच्या आणि मला उचलून माझ्या पोटाखाली बघायच्या. मुंगी, चिलट, फुलपाखरू, काही सापडलं की फडक्यावर घेऊन तुळशीपाशी सोडायच्या. "जीव हाय त्यो. उगंच ह्येच्याखाली चिरडाय नको," म्हणायच्या. आता तुम्हीच सांगा, मला काय वाटेल? पावसापाण्यात राबायचं मी आणि दारात झडतीही माझीच! ही बाई मला खुनी समजते, असं मी मनात धरून बसलो.

तरी काम मी मन लावून केलं. एकदा गगनबावड्याच्या धुवाधार पावसात अण्णांना रस्ता दाखवला. घाट उतरल्यावर ते म्हणाले, "वा रं पठ्ठ्या!" मी फुललो. मागाहून कळलं, ते गाडीला म्हणाले होते.

पुढे उन्हानं माझं रबर कडक झालं. काचेवरून फिरताना मी करकरू लागलो. अण्णांनी गाण्याचा आवाज वाढवला, पण माझ्याकडे बघितलं नाही. आणि मागच्या आषाढात शाहूवाडीच्या रस्त्यावर व्हायचं तेच झालं. भाताची रोपं लावायचे दिवस, वरून पाऊस. मी फिरलो, पण अण्णांच्या डोळ्यांपुढे पाण्याचा एक जाड पट्टा तसाच राहिला. त्या पट्ट्याआडून म्हैस रस्त्यावर आली. अण्णांनी करकचून ब्रेक दाबला. म्हैस वाचली, आम्हीही वाचलो. प्रभावतीकाकूंनी आधी मागं वळून म्हैस धड आहे का बघितलं. मग म्हणाल्या, "पुढच्या गुरवारी ह्याच रस्त्यानं सोनलला आणायचं हाय. आठवा म्हैना हाय तिचा."

सोनल ही त्यांची लेक, शाहूवाडीला दिलेली. बाळंतपणासाठी तिला माहेरी आणायचं ठरलं होतं. माझी मला लाज वाटली, मित्रांनो. पण त्याहून जास्त भीती वाटली.

बुधवारी सकाळी अण्णांनी नव्या वायपरच्या जोडीचं पाकीट आणलं. मोबाईलवर व्हिडिओ लावून ते दारातच कामाला लागले. मला दांडीसकट उभं केलं आणि वाकून बघू लागले. तेवढ्यात शेजारचे आकाराम आले. ते एसटीच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले.

"अण्णा, आदी काचंवर टावेल टाका की! दांडी निसटून आपाटली तर काच गेलीच म्हणून समजा," ते ओरडले.

टॉवेल आला. अण्णांनी माझ्याजवळची छोटी कळ दाबली, मला खाली ओढलं आणि मी निघालो. चार वर्षांचा संसार एका 'टक'मध्ये संपला! मला कट्ट्यावर टाकलं आणि नव्याला माझ्या जागी बसवलं. पुन्हा टक. "बसला बगा," असं म्हणून आकाराम चहाला गेले आणि काकूंच्या बाजूचा दुसरा वायपर अण्णांनी एकट्यानं बसवला.

मी त्या नव्याकडे निरखून पाहिलं. त्याच्या धारेवर एक पिवळसर पट्टी होती. रबर दिसतच नव्हतं. तोंड झाकून येणाऱ्यावर विश्वास ठेवावा का? अण्णांनीही ती पट्टी बघितली. त्यावर बोट फिरवलं आणि स्वतःशीच म्हणाले, "पलास्टिक हाय. असू दे. नवं हाय, तेवढंच जास्ती टिकंल." कोरड्या काचेवर वायपर फिरवू नये, असं व्हिडिओत ऐकलेलं, म्हणून चालवूनही बघितला नाही. अहो, ती पट्टी फक्त वाटेत रबर जपायला असते! बसवताना ती काढायची असते. मी मनातल्या मनात किती आक्रोश केला, पण कट्ट्यावर पडलेल्या वायपरचं कोण ऐकणार? रात्रभर माझ्यापुढे ती म्हैस होती, आणि गाडीत सोनल.

गुरुवारी सकाळी आभाळ भरून आलं. अण्णा गाडीत बसून घाई करत होते. दिवस मावळायच्या आत परतायचं होतं, कारण काकू जैन रीतीप्रमाणे दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. तरी काकू फडकं घेऊन आल्याच. काच पुसली, नव्याला उचललं आणि थबकल्या.

"अहो, ह्या पट्टीत मुंगी अडकलीया की!"

"अगं, बस आता गाडीत. उशीर हुतोय."

"जिती हाय ती! आत वळवळतीया नव्हं." आणि त्यांनी पट्टीचं टोक नखानं उचलून ओढलं.

"काढू नगंस! नवं हाय त्ये!" अण्णा खिडकीतून ओरडले.

पण पट्टी निघाली होती. मुंगी तुळशीकडे गेली. इतक्यात पाऊस आला. अण्णांनी चिडूनच बटण दाबलं. दोन्ही वायपर फिरले. अण्णांच्या बाजूची काच लख्ख झाली. काकूंच्या बाजूची काच होती तशीच राहिली, पाण्यानं भरलेली. पलीकडचं काही दिसत नव्हतं.

अण्णांनी वायपर बंद केला. गपगुमान खाली उतरले, दुसऱ्याची पट्टी स्वतःच्या हातानं काढली आणि पावसात तसेच उभे राहिले. "प्रभा," ते म्हणाले, "ती मुंगी नसती तर गं?" काकूंनी पदरानं अण्णांचं डोकं पुसलं.

गाडी गेली. मी दिवसभर कट्ट्यावर भिजत संशय घेत बसलो. नवा टिकेल का? म्हैस आली तर? दिवस मावळायला टेकला आणि गाडी दारात आली. सोनल कमरेवर हात ठेवून उतरली आणि पहिलं वाक्य बोलली, "आण्णा, त्या सीटवरचं पलास्टिक आजून हायच व्हय? घसरून घसरून कंबर गेली माझी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी कट्ट्यावर माझ्या अंगावर काहीतरी धपकन पडलं. ते चारही सीटवरचं प्लास्टिक होतं. पाठोपाठ सोफ्याचं आलं.

मित्रांनो, आमची काळजी घ्या. पावसाळ्याआधी आमच्या रबरावरून एकदा बोट फिरवा. नव्याला बसवलंत तरी त्याला ओल्या काचेवर चालवून बघा. चार वर्षं मी ज्यांच्यावर डूख धरला, त्या प्रभावतीकाकू रोज माझ्या पोटाखाली बघत होत्या, म्हणून तर सोनल सुखरूप घरी आली. त्या झडती घेत नव्हत्या, हे मला फार उशिरा कळलं. आज सकाळी त्या कट्ट्यापाशी आल्या, मला उचललं आणि खाली मुंगी आहे का बघून पुन्हा हळूच ठेवलं.