गुरुवारचा जांभळा

पर्यावरण आता चित्रकलेच्या तासाला शिकवायचं आणि मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं, असं मोठ्या बाईंनी ठरवलं. विज्ञानाच्या सरांना म्हणे वेळ नाही. आणि मी काय, माश्या मारत बसलेली असते! पण मी पडले हंगामी शिक्षिका. कायम होणार की घरी बसणार, ते या प्रदर्शनावर अवलंबून होतं. मुकाट्याने मान डोलावली.

मुलांना म्हटलं, "पर्यावरण काढा." झालं! सगळ्या कागदांवर तेच दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि निळीशार नदी. माझं डोकंच फिरलं. "अरे, असली नदी पाहिलीय का कुणी? खिडकीतून दिसतं ते काढा!"

खिडकीतून दिसतो शाळेमागचा नाला. पलीकडे कापड रंगवायचा कारखाना, त्याचं पाणी थेट नाल्यात. मुलांनी रोज पाहून काढलं. सोमवारी लाल, मंगळवारी हिरवा आणि गुरुवारी असा जांभळा, की आमच्या रंगपेटीत तो नव्हताच. नाल्याकाठी राहणारी भिंगरी एका जागी कधी बसत नाही, म्हणून तर हे नाव. तिने तासभर मान खाली घालून तो जांभळा जमवला.

चित्रं भिंतीवर लागली आणि मोठ्या बाई पांढऱ्याफटक पडल्या. "अहो, कारखाना कुणाचा ते ठाऊक आहे ना?" ठाऊक होतं हो. शाळेच्या अध्यक्षांचाच! पण चित्रं उतरवायला वेळ कुठे होता? अध्यक्षसाहेब प्रदर्शन बघायला दारात उभे.

ते भिंगरीच्या चित्रापाशी थांबले. मग ते वळून आपल्या मॅनेजरवरच कडाडले, "हा गुरुवारचा ना? पोरांनासुद्धा दिसतोय! यापुढे दिसता कामा नये."

"नाही दिसणार, साहेब."

आणि खरंच, पुढच्या आठवड्यापासून शाळेच्या वेळात नाला नितळ! मोठ्या बाईंच्या आनंदाला पारावार राहिला नाही. कलेने नाला स्वच्छ झाला म्हणून अध्यक्षांचा सत्कार ठरला. त्याच समारंभात ते माझ्या कायम नेमणुकीवर सही करणार होते. खरं सांगते, मीही हुरळून गेले.

समारंभाच्या सकाळी भिंगरी नवा कागद घेऊन आली. सगळा काळाकुट्ट आणि मधोमध तोच जांभळा पट्टा.

"हे काय गं?"

"आपला नाला, बाई. आता ते रात्री सोडतात. घरभर वास येतो, आमचं बाळ खोकून खोकून रडतं." मग हळूच म्हणाली, "हे पण लावायचं?"

फाटकात अध्यक्षांची गाडी शिरत होती. मोठ्या बाई गुच्छ सावरत धावल्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. साहेबांचा राग आला, आणि इतके दिवस खुशीत मिरवणाऱ्या माझा स्वतःचाही.

"लावायचं," मी म्हटलं. "अगदी दारासमोर. जा, पळ, टाचण्या आण."