भावजींनी आणलेल्या लाल वायरी

मी एक जुनी मोटार आहे आणि मला राग आलेला आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की उसासे टाकतात, हे तुम्हाला माहीत असेल. मी उसासे टाकणार नाही. माझ्यावर जो आळ आला तो मी सांगणार आहे, आणि तो कोणी घेतला तेही सांगणार आहे.

मी नवी होते तेव्हा गडद हिरवी होते. मला घरी आणलं ते एका शांत, नीटनेटक्या गृहस्थांनी. ते मला धूत, पुसत, आणि महिन्यातून एकदा बॉनेट उघडून आत डोकावत. त्यांना दोन मुलगे. थोरल्याचं लग्न झालं तेव्हा सून आली ती नर्स. सासऱ्यांनी तिला मोकळ्या मैदानावर नेऊन माझ्यावरच गाडी शिकवली. तिने क्लच असा काही सोडला की मी बेडकासारखी उडी मारली. सासरे पोट धरून हसले. ती घामाघूम झाली, पण तिने स्टीअरिंगवरचा हात सोडला नाही. तेव्हाच मला ती आवडली.

पुढे सासरे गेले. काही वर्षांनी तिचा नवराही गेला. घरात ती आणि तिचा धाकटा दीर असे दोघेच राहिले. ती त्याला भावजी म्हणे, आणि तो तिला वहिनी. ती घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांची सेवा करू लागली. कुणाची जखम धुवायची, कुणाला इंजेक्शन द्यायचं, कुणाला नुसतं कुशीवर वळवायचं. माझी मागची सीट काढून तिथे ऑक्सिजनचे सिलिंडर बांधून ठेवायची सोय झाली. मी तिला कधी वाटेत सोडलं नाही. उन्हात नाही, पावसात नाही, चढावर नाही.

आता भावजींविषयी. वाईट माणूस नव्हता तो, हे मी दातओठ खात का होईना, कबूल करते. पण जगातली प्रत्येक गोष्ट आपल्याला कळते असं त्यांना मनापासून वाटे. नळ गळला, फ्रिज बंद पडला, शेजाऱ्यांचं मांजर शिंकलं, तरी भावजींकडे उत्तर तयार. आणि माझ्याविषयीचं त्यांचं उत्तर तर ठरलेलंच होतं. "वय झालं हो तिचं, वहिनी!"

झालं होतं काय ते ऐका. माझ्या इंजिनात पेट्रोल चार ठिकाणी पेटतं. चारही ठिकाणी एकेक स्पार्क प्लग आहे, आणि प्रत्येक प्लगपर्यंत वीज नेणारी एक जाड वायर आहे. या चार वायरींना जिथून वीज वाटली जाते तिथवर ती आणून देणारी पाचवी. एवढ्या वर्षांच्या उष्णतेने या पाचही वायरींचं आवरण कडक झालं, त्याला बारीक भेगा पडल्या. वीज प्लगपर्यंत पोचायच्या आधीच भेगांतून निसटू लागली. मग माझा एखादा ठोका चुकायचा. मी गचके देत चालायचे. याला लोक मिसिंग म्हणतात. बस्स, एवढंच दुखणं होतं! इंजिन ठणठणीत होतं माझं.

पण बॉनेट उघडायचं कुणी? वहिनीवरही मी तेव्हा रागावले होते, खोटं कशाला बोलू? सगळ्या गावाच्या छातीला नळी लावून ऐकणारी बाई, आणि माझी धडधड ऐकायला तिला फुरसत नव्हती. ती भावजींना म्हणाली, "जरा बघाल का हो, गाडी गचके देतेय." आणि भावजी बघायला आले.

त्यांनी भेगा पाहिल्या. वायरी बदलायला हव्यात हेही त्यांना कळलं. इथवर सगळं ठीक होतं. मग ते बाजारात गेले आणि लालभडक, चकचकीत वायरींचा संच घेऊन आले.

"कुठल्या गाडीच्या आहेत?" वहिनीने विचारलं.

"सगळ्या गाड्यांना बसतात. आणि रंग बघा की! शर्यतीच्या गाड्यांना असल्याच असतात."

"पण हिला चालतील ना?"

"वहिनी, वायर म्हणजे वायर. त्यात काय बघायचं?"

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तिथेच ओरडले असते. त्यांनी जुन्या पाचही वायरी एका झटक्यात उपटल्या. कुठली कुठे होती याची खूण ठेवली नाही. नव्या लावल्या त्या अंदाजाने. किल्ली फिरवताच माझ्या धुराच्या नळीतून असा बार निघाला की समोरच्या गच्चीवरचे पारवे उडाले. भावजी म्हणाले, "लाजतेय नव्या दागिन्यांना." मग त्यांनी अदलाबदल केली, पुन्हा केली, आणि कधीतरी ठोके जागेवर आले. एक वायर आखूड होती, ती ताणून बसवली. दुसरी हातभर लांब, ती गरम नळीवर लोंबायला लागली. मग सगळ्या नीटस दिसाव्यात म्हणून त्यांनी त्या एकत्र आवळून बांधून टाकल्या, वेणी घालावी तशा. ज्या वायरींनी एकमेकींपासून सुटं राहायचं असतं, त्या गळ्यात गळे घालून बसल्या.

"बघा, कशी नटलीय!" असं म्हणून त्यांनी बॉनेट आपटलं.

चार दिवस मी कशीबशी धावले. मग ती सकाळ आली.

धुकं होतं, आणि सगळं ओलं. चढावरच्या एका घरात पोहण्याचे एक म्हातारे शिक्षक राहत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. आयुष्यभर पाण्यात श्वास कोंडून धरलेला माणूस, आणि आता त्यांना ऑक्सिजनच्या नळीशिवाय श्वास पुरत नव्हता. त्यांचं घरातलं यंत्र पहाटे बंद पडलं होतं आणि जवळचा सिलिंडर संपत आला होता. त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा वहिनी चहासुद्धा न घेता निघाली. मागे दोन भरलेले सिलिंडर होते.

चढाच्या मध्यावर लोंबणारी वायर गरम नळीवर वितळली. बाकीच्यांत ओल शिरली आणि वीज हवी तिथे सोडून भलतीकडे उड्या मारू लागली. मी गचका दिला, दुसरा दिला आणि बंद पडले. वहिनीने किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली. "चल गं," ती म्हणाली, "चल गं बाई, आज नको." मी माझ्या बॅटरीतला सगळा जीव ओतला. पण आग पेटायला ठिणगी लागते, आणि माझी ठिणगी त्या लाल वेणीत अडकली होती.

ती उतरली. सिलिंडर ओढून रस्त्यावर घेतला. एक फर्निचरचा टेम्पो हात करून थांबवला आणि त्यात बसून वर गेली. मी तिथेच, तिरकी, धुक्यात. थोड्या वेळाने मास्तरांना घेऊन एक रुग्णवाहिका माझ्या शेजारून भोंगा वाजवत खाली गेली. काचेतून मला मास्तरांच्या मुलीचा चेहरा दिसला. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही.

वहिनी चालत परत आली, माझ्यात बसली आणि तिने स्टीअरिंगवर मूठ आपटली. तेवढ्यात फोन वाजला. मुलीचा आवाज मलाही ऐकू आला. "ओठ काळेनिळे पडले होते त्यांचे, सिस्टर! तुमच्या भरवशावर होतो ना आम्ही?"

"हो," वहिनी म्हणाली. "माझ्याच भरवशावर होता." तिने कारण सांगितलं नाही. माझं नावसुद्धा घेतलं नाही.

मास्तर वाचले. दवाखान्यात राहिले, पण वाचले. मला मात्र ओढून घरी आणलं, आणि भावजींनी निकाल दिला. "इंजिन गेलं. मी म्हणत नव्हतो? वय झालं. उद्या भंगारवाल्याला बोलावतो."

ऐकलंत? त्यांची वायर, त्यांची वेणी, आणि इंजिन माझं गेलं!

दुसऱ्या दिवशी मी सुकले होते. वहिनीने उरलेला सिलिंडर उतरवून घरात ठेवला आणि बाहेर येऊन बॉनेट उघडलं. वितळलेली वायर तिला लगेच दिसली. तिने तिच्या जागी जुन्यातली एक लावली आणि किल्ली फिरवली. मी लंगडत का होईना, सुरू झाले. मग तिने एक विलक्षण गोष्ट केली. घरातून जाड काळी घोंगडी आणली, बॉनेटवर पसरली, आणि आपलं डोकं त्या अंधारात घातलं. हातात इस्त्रीच्या वेळी पाणी मारायची फवाऱ्याची बाटली होती. तिने लांबूनच वायरींवर बारीक तुषार उडवले.

आणि मग तिला दिसलं. निळ्या ठिणग्या. एका वायरीतून दुसरीत, दुसरीतून लोखंडात, नुसती चटचट चाललेली.

एवढ्यात भावजी भंगारवाल्याला घेऊन हजर झाले. भंगारवाल्याने माझ्या दारावर थाप मारली, जसं कुणी गुरावर मारतं. "पत्रा बरा आहे," तो म्हणाला.

"वहिनी, काय चाललंय? फोटोबिटो काढताय का?"

"या, आत डोकं घाला," घोंगडीतून आवाज आला. "आणि बघा इंजिन कुठे गेलंय ते."

भावजी आत शिरले. "अरे वा! किती छान दिसतंय!" ते म्हणाले. "दिवाळीची रोषणाई नुसती! कुठून निघतंय, इथून का?" आणि त्यांनी बोट पुढे केलं.

"हात लावू नका!" वहिनी ओरडली. पण भावजींना कुणी काही सांगायची सोय होती का? असा झटका बसला की ते उडाले, डोकं बॉनेटवर आपटलं आणि घोंगडीसकट मागे भंगारवाल्याच्या अंगावर जाऊन पडले. मित्रांनो, चालू इंजिनच्या वायरींना तुम्ही कधीही हात लावू नका. पण त्या दिवशी मला बरं वाटलं, हे मी लपवणार नाही.

"वायर म्हणजे वायर ना, भावजी?" वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "या वायरींमुळे एक माणूस गुदमरत होता तिकडे. गाडी म्हातारी नाही झाली. आपण बघितलं नाही. तुम्ही बघितलं नाही, आणि मीही बघितलं नाही." मग ती भंगारवाल्याकडे वळली. "तुम्ही या आता."

तो गेला. भावजी बोट चोळत पायरीवर बसून राहिले.

इंजिन बंद करून लाल वायरी तिने त्याच क्षणी एकेक करून काढल्या, आणि जिथली तिथे जुनी लावली. मग मला हळूहळू चालवत सुट्या भागांच्या दुकानापाशी नेलं. गार झाल्यावर तिने जुन्या वायरी खुणेच्या चिकटपट्ट्या लावून उतरवल्या आणि काउंटरवर ओळीने मांडल्या. काउंटर रस्त्यालगतच होता, त्यामुळे मला सगळं दिसत होतं.

दुकानदार म्हणाला, "एवढी जुनी गाडी? ह्या घ्या, सगळ्यांना चालतात."

"सगळ्यांना चालणाऱ्या झाल्या लावून. माझ्या गाडीच्या दाखवा."

त्याने दुसरा संच काढला. तिने पिशवीतून मोजपट्टी काढली, पेशंटच्या पायाची सूज मोजायची, आणि प्रत्येक वायर जुनीच्या शेजारी ठेवून मोजली. लांबी जुळली. पण टोकाच्या रबरी टोप्या सरळ होत्या, माझ्या वाकड्या. "या प्लगवर घट्ट बसणार नाहीत," ती म्हणाली. त्याने शिडी लावून वरच्या फळीवरून तिसरा संच काढला, माझ्याच मॉडेलचा, धुळीने माखलेला. तिने एक वायर बोटाभोवती वाकवली. कर्रकन आवाज आला आणि आवरणाला भेग पडली. "ही तर खोक्यातच म्हातारी झालीय."

"ताई, एवढं कोण बघतं हो?" दुकानदार वैतागला.

"मी बघते."

तो पुटपुटत आत गेला आणि गोदामातून चौथा संच घेऊन आला. काळ्या वायरी होत्या, मुळीच न चमकणाऱ्या. आवरण मऊ, जाड, उष्णता सोसणारं. टोप्या वाकड्या. लांबी बरोबर. टोकाची क्लिप प्लगवर दाबून बघितली तर टक्कन बसली. तिने पाचही वायरी वाकवून, मोजून, टोकं तपासून मगच पिशवीत टाकल्या.

तिथेच रस्त्याकडेला तिने त्या बसवल्या. गरम नळीपासून दूर, प्रत्येक वायर आपापल्या खाचेत, एकमेकींना न चिकटता. मग किल्ली फिरवली.

मित्रांनो, मी पहिल्याच फेऱ्यात सुरू झाले. एकही ठोका चुकला नाही. दुकानदार काउंटरवरून वाकून ऐकत राहिला.

मास्तर घरी परतले तेव्हा मी तो चढ एका दमात चढले. मुलीने फाटक उघडलं, पण ती हसली नाही, आणि तिने हसावं अशी वहिनीची अपेक्षाही नव्हती. मास्तर माझ्यासमोरच व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते, नाकात नळी, समोर न खाल्लेलं ताट.

"काही खात नाहीत," मुलगी थकलेल्या आवाजात म्हणाली. "ताट सरकवून देतात. डॉक्टर म्हणाले, आता या वयात असंच."

वहिनी ताडकन पुढे झाली. मला वाटलं, आता ही भांडणार. पण तिने मास्तरांपुढे गुडघे टेकले आणि विचारलं, "मास्तर, कुठे दुखतंय?"

त्यांना बोलायला वेळ लागला. ती थांबली. शेवटी त्यांनी तोंडाकडे बोट केलं. तिने कवळी अलगद काढली आणि आत टॉर्च धरला. हिरडीवर केवढी तरी लाल जखम होती. कवळी घासून घासून झालेली.

मुलगी बघत राहिली. मग तोंडावर हात घेऊन ती रडू लागली. "मी विचारलंच नाही हो त्यांना," ती म्हणाली. "एकदाही विचारलं नाही."

वहिनीने तिला जवळ घेतलं. मग तिने औषध लावलं, मऊ भात कालवून आणायला सांगितला, आणि मास्तरांनी तो हळूहळू, डोळे मिटून, सगळा संपवला.

म्हणून माझा राग अजून गेलेला नाही, मित्रांनो, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. मला धुऊ नका, माझ्यावर हार घालू नका. तुमच्या घरात एखादी गोष्ट गचके देत असेल, एखादं माणूस ताट सरकवत असेल, तर निकाल द्यायच्या आधी झाकण उघडा. वाका. कुठे दुखतंय ते विचारा. आणि उत्तर येईपर्यंत थांबा.