व्हिडिओखालची पिवळी पट्टी

मी पिवळी पट्टी बोलतेय. मोबाइलवरच्या व्हिडिओखाली असते ना, आणि जिच्यावरून तुमचा अंगठा सर्रकन पुढे जातो, तीच.

मला लिहिणाऱ्या ताई पूर्वी परिचारिका होत्या. आता एका व्हिडिओ कंपनीत लोकांनी तक्रार केलेले आरोग्याचे व्हिडिओ तपासतात. एके दिवशी त्यांच्यापुढच्या पडद्यावर पांढऱ्या कोटातला एक गृहस्थ आला. तो हसत सांगत होता, "इन्सुलिन फेका! माझा काढा प्या, आठ दिवसांत मधुमेह पळेल."

"साहेब, हा व्हिडिओ उडवायला हवा," ताई त्यांच्या वरिष्ठांना म्हणाल्या.

"लगेच नको. लोक म्हणतील, खरं दडपतायत. खाली पट्टी लावा."

असा माझा जन्म झाला. अंगावर शब्द होते, 'या विषयावर वेगवेगळी मते असू शकतात.' इतकी गुळमुळीत मी! पायपुसण्याकडे लोक जास्त बघतात. व्हिडिओ लाखोंनी पाहिला, मला कुणीच नाही.

चौथ्या दिवशी ताईंनी मला पुसून नव्याने लिहिलं, 'इन्सुलिन बंद करू नका. जिवाला धोका आहे. आधी डॉक्टरांना विचारा.'

"जरा कडक होतंय," साहेब म्हणाले.

"इन्सुलिन सोडून कोसळलेले रुग्ण मी या हातांनी उचललेत, साहेब."

साहेबांनी होकार दिला आणि मी झळकले.

त्याच दुपारी शिवणकाम करणाऱ्या एका मावशींनी तो व्हिडिओ उघडला. थोरल्या भावाने पाठवला होता. रोजच्या सुईला कंटाळून त्यांनी इंजेक्शन बाजूला सारलं होतं. मग त्यांचे ओठ हलले. त्या मला वाचत होत्या! त्यांनी भावाला फोन लावला.

"दादा, खाली काय लिहिलंय वाचलंस?"

"अगं, ते कंपनीवाले काहीही लिहितात."

"आणि वरचा काय आपला मामा लागतो? मी डॉक्टरांनाच विचारते."

डॉक्टर म्हणाले, "एकही डोस चुकवू नका."

मावशींनी इंजेक्शन घेतलं आणि व्हिडिओखाली लिहिलं, 'आज सुई सोडणार होते. पट्टीमुळे वाचले.' पाठोपाठ 'मीसुद्धा', 'माझी आईपण' अशी रांगच लागली. एका मुलीने लिहिलं, 'बाबा हा काढा पिऊन दवाखान्यात पोचले होते. कालच घरी आलेत.'

ताईंनी ते सगळं छापून साहेबांपुढे ठेवलं. वाचून ते म्हणाले, "काढा!"

"कुठला काढा, साहेब?"

"अहो, व्हिडिओ काढा!"

व्हिडिओ गेला, त्याच्यासोबत त्याच्याखालची मीही गेले. पण कशी गेले? जिंकून गेले! आज माझ्या बहिणी कितीतरी व्हिडिओंखाली उभ्या आहेत, आणि एकीच्याही तोंडात ते 'असू शकतात' नाही.

त्या दिसल्या तर चिडू नका. दोनच ओळी असतात. तेवढ्या वाचा, आणि डॉक्टरांना विचारून मगच औषधाच्या डबीला हात लावा किंवा लावू नका.