व्हर्लीनची खूण

"परत सावली!" एमेटने पडद्यावरचं बोट काढलं नाही. "बघा ना, मिस व्हर्लीन. लहरी पुढून येतात, कड्यांपाशी वळतात, आणि मागे जाऊन जुळायच्या तर सगळा विचका! माझं गणितच चुकलंय."

व्हर्लीन सग्जने मान डोलावली. तिला सावली दिसलीच नव्हती. पडद्याच्या मधोमध तिला काहीच दिसत नव्हतं, आणि हे तिच्याशिवाय तिथे कुणालाही ठाऊक नव्हतं.

डरहॅमच्या त्या विद्यापीठाच्या तळघरात तीन वर्षं एकच खटाटोप चालला होता. तांब्याच्या नळकांड्याभोवती दहा कडी अशी बसवायची, की मायक्रोवेव्ह लहरींनी त्यांना वळसा घालून मागे पुन्हा सरळ व्हावं, जणू मध्ये काही नव्हतंच. गणित एमेटचं, प्रोफेसरांच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याचं. त्याचं चित्र भिंतीवर होतं: चौकटींचा कागद, मधोमध भोक, आणि भोकाला टाळून वाकलेल्या रेघा. कडी मात्र व्हर्लीनची. प्रत्येक कडं म्हणजे वाकवलेली पट्टी, तिच्यावर तांब्याचे शेकडो चिमुकले चौकोन, आणि प्रत्येक चौकोनाला केसाएवढी फट. फटीतलं तांबं खाऊन टाकणाऱ्या आम्लातून निघालेली पट्टी ती भिंगाखाली तपासायची आणि टोकाला पेन्सिलीने आपलं अक्षर काढायची. ते अक्षर असलं की दुसऱ्या कुणी भिंग उचलायचं नाही. प्रोफेसरसुद्धा उचलत नसत.

नजरच तशी होती बाईची. वीस वर्षं पायमोज्यांच्या गिरणीत मोजा हातावर चढवून तिने सुटलेले टाके पकडले होते. गिरणी बंद पडली, तेव्हा ती नजर घेऊन ती इथे आली. "तिथे फट दिसली की मोजा बाद, इथे फट बुजली की पट्टी बाद," असं ती ऐटीत सांगायची.

डावा डोळा केव्हाच अधू झाला होता. ईस्टरच्या सुमारास उजव्याच्याही मधोमध डाग धरला. डॉक्टरांनी चौकटींचं कार्ड पुढे धरलं, तर रेघा मधल्या भोकाला वळसा घालून चाललेल्या. हुबेहूब एमेटचं चित्र! "रेघा सरळच आहेत, मॅडम," डॉक्टर म्हणाले. "आणि कधीकधी तर भोकही कळणार नाही. मेंदू आपल्या मनाने ते भरून काढतो."

तरी तिने खुणा करणं थांबवलं नाही. दिसत नाही तिथे फट असणारच, असं धरून चालली. नजर गेली म्हटल्यावर व्हर्लीन म्हणून मागे उरणार काय, या भीतीने तिचं तोंड शिवलं होतं.

एमेटने उकडलेल्या शेंगांची पिशवी तिच्यापुढे सरकवली. "खा. बापाने पाठवल्यात. उद्या सरांना सांगतो आणि विषय सोडतो. घरी जाऊन कोंबड्या सांभाळतो."

"गणित किती वेळा तपासलंस?"

"एकतीस वेळा."

"आणि पट्ट्या?"

तो हसला. "त्या काय तपासायच्या? तुमची खूण आहे ना त्यांवर!"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. ती गप्प राहिली असती तर पोरगा गावी गेला असता, कडी कपाटात पडली असती, कुणी जाब विचारला नसता. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेतं? पण तिने शेंगांची पिशवी बाजूला सारली. तिने भिंग त्याच्याकडे ढकललं.

"सहाव्या कड्याची पट्टी काढ. ईस्टरनंतरची आहे ती. बघ."

तो बघत राहिला. मग पट्टी पुढे सरकवून पुन्हा बघितलं. "बुजल्यात. एका रांगेत सात... मिस व्हर्लीन, आम्ल शिळं होतं वाटतं."

"आम्ल ठीक आहे. डोळा शिळा झालाय. मला दिसत नाही, बाळा. ईस्टरपासून."

एमेट उठून उभा राहिला. "तीन महिने! मला वाटलं, माझं डोकं फिरलंय. आणि तुम्ही इथे शेजारी बसून शेंगा खात होतात?"

व्हर्लीनला लाज वाटत होती, इतकी की मान वर होईना. शेवटी तो खाली बसला. "सरांना मी आम्लच सांगतो," तो पुटपुटला.

"सांगायचं ते मी सांगेन. आणि खरं सांगेन."

तिने सांगितलं. प्रोफेसर सभ्यपणे बोलले. तिचं काम महिनाअखेर संपेल असंही सभ्यपणेच म्हणाले.

शेवटच्या दिवशी एमेटने तिला हाताला धरून पडद्यापुढे नेलं. नवी कडी बसली होती. मधोमध तिला आजही काही दिसत नव्हतं.

"मागे सरळ आहेत ना रेघा?" तिने विचारलं.

"जवळजवळ सरळ. सावली पुसटशी राहिलीय, बस."

"मग झालं."

त्याने जास्तीच्या पट्ट्यांचा गठ्ठा तिच्या हाती दिला. "यांवर तुमची खूण राहिलीय."

"बघितल्या कुणी?"

"मी. दोन-दोनदा."

"मग अक्षर तुझं काढ. न बघता खुणा केल्या, त्या झाल्या तेवढ्या पुष्कळ."

गिरणीपासूनच्या सवयीने कानावर खोचलेली पेन्सिल तिने काढली. टेबलाची कड चाचपली, पेन्सिल घरंगळणार नाही अशी भिंगाला टेकवून ठेवली, आणि एक हात भिंतीला लावून ती जिन्याकडे निघाली.