खरवडलेलं कातडं

केलाख माझा दूधभाऊ, माझ्याच आईनं वाढवलेला. एकाच मडक्यातली ओटची पेज खाऊन आम्ही वाढलो. पुढे तो मठात गेला, ग्रंथ लिहायला लागला.

माझा थोरला भाऊ समुद्रात बुडाला तेव्हा आईनं त्याच्यावर गाणं रचलं. आईमागे ते मला एकटीलाच येणार होतं. केलाख म्हणाला, कातडं आण, मी लिहून ठेवतो, म्हणजे ते कधी मरणार नाही. मी तांबडी कालवड मारली. गोमाशीनं तिच्या पाठीला पाडलेलं भोक कातडं ताणल्यावर डोळ्याएवढं झालं. त्याला वळसा घालून केलाख आमच्या आयरिश भाषेत ओळी लिहीत गेला. शेजारी बसून बघता बघता मी अक्षरं शिकले. शेवटी लिहिणाऱ्यांच्या रीतीनं त्यानं लिहिलं : केलाखनं लिहिलं, त्याच्यासाठी प्रार्थना करा. मी केलीही, खुळ्यासारखी.

आई गेली. गाणं म्हणायचं मी सोडलं. लिहिलंय ना आता.

यंदाच्या ईस्टरला मठात नवा स्तोत्रग्रंथ सगळ्यांना दाखवला. माझ्यासमोर पान आलं आणि त्यातून तेच भोक माझ्याकडे बघत होतं. भोवती ठसठशीत लॅटिन. दोन ओळींच्या मध्ये, फिकट तपकिरी, माझी आई.

बाहेर आल्यावर केलाखला गाठलं. गुरं रोगानं मेली, कातडी मिळेनात, लिहिलेली जुनी खरवडून परत वापरा असा मठाधिपतींचा हुकूम होता, देवाच्या शब्दापुढे बाईच्या रडगाण्याचं काय, असं बरंच बोलला. मी विचारलं, खरवडायची सुरी कुणाच्या हातात होती?

तो म्हणाला, "तुला तर पाठच आहे ना, लासर."

"तू लिहिलंस म्हणून विसरले मी. तूच म्हण आता. तुझीही आई होती ती."

त्यानं पहिली ओळ म्हटली. दुसरी म्हटली. तिसरीला अडखळला, तो तिथंच राहिला.

ग्रंथ मी दारातल्या उजेडात आणायला लावला. पान तिरपं धरून दिसेल तेवढं पाटीच्या दगडावर खिळ्यानं कोरलं. गाण्यातले बुडणाऱ्याचे हात सापडले, तोंड नाही. शेवटचं कडवं तर पारच गेलेलं.

त्या जागी मी कोरलं : केलाखनं खरवडलं. त्याच्यासाठी प्रार्थना करू नका.

त्यानं वाचलं. हळूच म्हणाला, "एवढं पुसून टाक, लासर."

"पुसायचं काम तुझं," मी म्हणाले, आणि दगड उचलून आईच्या थडग्याशी उभा केला. मठातून येणाऱ्या वाटेकडे तोंड करून.