गुरुवारचं पाणी

जलानंद महाराज खडोलीतून पळून गेले आणि सरुबाई भुताळी, म्हणजे चेटकीण, नाही हे सिद्ध झालं. मात्र महाराज पळाले हे त्यांच्या भक्तमंडळाला आजही मान्य नाही. मंडळाच्या मते ते 'प्रस्थान' होतं. तेव्हा मंडळाचा मान राखून आपणही, असं काही घडलंच नाही, असं धरून चालू.

तर साल अठ्ठ्याऐंशी, महिना मे, वार गुरुवार, आणि सिल्वासाकडच्या खडोलीजवळ एका आदिवासी पाड्यावर विहिरीभोवती जत्रा. मागची काही वर्षं पावसाने अंग चोरलं होतं. होळी पेटायच्या आत विहिरी तळ दाखवायच्या. ही विहीरही शुक्रवार ते बुधवार कोरडी ठणठणीत असायची. गुरुवारी दुपारी मात्र काठावरून वाकलं की स्वतःचं तोंड दिसेल इतकी भरायची. कारण गुरुवारी महाराज यायचे. स्कूटरवरून.

"भूगर्भ की नाडी हमारे हाथ में है," विहिरीत तांब्या सोडत महाराज म्हणायचे. ते हिंदीत सुरू करायचे, गुजरातीत दमायचे आणि मराठीत नारळ मागायचे. "धरती माता छे, भाई. लेकराने हाक मारली की माता पान्हा सोडते. नारळ इकडे, या बाजूला ठेवा."

नारळ ठेवणाऱ्यांत पाड्यावरचे वारली होते, तसे औद्योगिक वसाहतीतले इंजिनियरही होते. त्यातलाच एक हृषीकेश. मूळचा नाशिकचा, शेजारच्या कापड कारखान्यात पंप, मोटारी आणि बॉयलर सांभाळायचा. स्वभाव शंकेखोर, म्हणजे नारळ घेताना हलवून बघायचा. त्याचे मॅनेजर मुकुंदराव तर इतके श्रद्धाळू, की त्यांनी महाराजांचा फोटो थेट पंपघरात, बोअरच्या स्टार्टरवर टांगला होता. पंप चालू करायचा तर आधी महाराजांच्या नाकाखाली बोट घालावं लागे.

त्या गुरुवारी पाड्याच्या बारकूने एक साधा प्रश्न विचारला. "म्हाराज, आज पानी येते, तं बाकीच्या दिवशी का नाय येत?"

प्रश्न रास्त होता, म्हणूनच धोक्याचा. महाराजांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते विहिरीला सगळ्यात जवळ असलेल्या झोपडीकडे रोखलेले होते.

"पाड्यात भुताळी आहे. तिची सावली विहिरीवर पडते. एक दिवस मी तिला बांधून ठेवतो, बाकीचे दिवस ती पाणी पिते. येत्या गुरुवारच्या आत तिला पाड्याबाहेर काढा. नाही तर मी येणं बंद."

झोपडी सरुबाईची, बारकूच्या विधवा भावजयीची. ती हंडा घेऊन तिथेच उभी होती.

"तुझी स्कूटर तं सकाळधरून माझ्या दारात, माझ्याच सावलीत उभी हाय," ती म्हणाली. "तिच्यातला पेट्रोल आटला का, बघ."

कोणी हसलं नाही. रांगेतल्या दोघी बायकांनी तिच्या हातून हंड्याचा दोर काढून घेतला. बारकू गोंधळून हृषीकेशकडे वळला. "सायेब, तू शिकलेला. तू सांग, खरा हाय का ह्या?"

नेमका प्रसादाच्या पाण्याच्या रांगेत हृषीकेशचा नंबर आला होता. त्याने आणलेला कॅन दोराखाली लागला होता.

"महाराज म्हणतात, तर असेल काहीतरी," तो म्हणाला आणि कॅन भरून घेतला.

घरी पल्लवीने, म्हणजे त्याच्या बायकोने, हे सगळं ऐकून घेतलं. ती सिल्वासाच्या शाळेत विज्ञान शिकवायची.

"'असेल काहीतरी'," ती म्हणाली. "हे तुमच्या कॉलेजात कितव्या वर्षाला होतं रे?"

"मी काय करणार होतो? मला सुट्टीच गुरुवारी असते."

"गुरुवारीच का?"

"तुला माहितीये. विजेची टंचाई. वसाहतीतले कारखाने आठवड्यातून एक दिवस बंद ठेवायचे, असा हुकूम आहे. आपला वार गुरुवार."

"म्हणजे त्या दिवशी सगळं बंद?"

"सगळं. यंत्रं बंद, बॉयलर बंद, बोअरचे पंप..."

तो थांबला. वर्गात पोराला उत्तर सापडलं, की पल्लवी जशी मान डोलवायची, तशी तिने डोलवली. हृषीकेशच्या हातात महाराजांच्या विहिरीतल्या पाण्याचा पेला होता. तो त्याला पिताही येईना आणि ओतताही येईना.

दुसऱ्या दिवशी त्याने मुकुंदरावांना गाठलं. "सर, ती विहीर आपण पितोय. आपले बोअर खोल, विहीर उथळ. पंप चालू असले की झरे आपल्याकडे ओढले जातात. गुरुवारी पंप बंद, म्हणून विहीर भरते."

मुकुंदरावांनी हात जोडले. "म्हणजे महाराजांचं वीजखात्यातही वजन आहे," ते म्हणाले.

मग हृषीकेशने सोमवारी पंप दुरुस्तीला काढले. काय बिघडलंय असं विचारल्यावर त्याने "बरंच काही" असं खरं उत्तर दिलं. बारकूला निरोप धाडला: मंगळवारी दुपारी पाड्याला विहिरीवर आण, सरुबाईला पुढे उभं कर, महाराज नकोत, नारळही नकोत.

मंगळवारी विहीर भरली. सरुबाई काठावर वाकली, तिची सावली सरळ पाण्यावर पडली आणि पाणी जागचं हललं नाही. तिने हंडा सोडला, भरून वर ओढला.

तेवढ्यात कोणीतरी वर्दी दिल्यामुळे महाराजही धापा टाकत पोचले. "देखा? या वेळेला कृपा आगाऊ पाठवली."

"मग उद्या बुधवारचीही पाठवा," हृषीकेश म्हणाला. "मी पंप चालू करतो, तुम्ही कृपा चालू करा. बघू कोण जास्त ओढतं."

मग तो लोकांकडे वळला आणि पंप, बोअर, झरे, सगळं सांगितलं. "इथे भुताळी कोणी नाही. पाणी आमचा कारखाना पितो."

टाळ्या वाजतील अशी त्याची समजूत होती. सरुबाईने हंडा खाली ठेवला.

"पंप तूच चालवतो?"

"हो."

"मंग गुरुवारी माझ्या हातातला दोर घेतला, तवा तू हितंच होता. का नाय बोलला?"

हृषीकेश तिचा हंडा उचलायला वाकला. तिने तो बाजूला ओढला.

"जाऊ दे ता, वैनी," बारकू म्हणाला, दार लोटून घे म्हणावं इतक्या सहज. "पंप बंदच ठेव ना, सायेब."

बुधवारी पंप सुरू झाले आणि संध्याकाळपर्यंत विहिरीत चिखल उरला. गुरुवारी महाराज आलेच नाहीत. पाणी आलं. सरुबाईला पाड्याबाहेर काढायची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही. शुक्रवारी ती सगळ्यांबरोबरच रिकामा हंडा घेऊन परतली.

वाचकहो, विहीर का आटली हे बाईच्या सावलीला विचारू नका. जमिनीखालून कोण ओढतंय ते बघा. आणि चमत्कार ठरावीक वारीच होत असेल, तर त्या वारी काय बंद असतं, हे नारळ फोडण्याआधी विचारा. हृषीकेशने विचारलं, जरा उशिरा. मग त्याने हा अर्ज केला:

"प्रति, मा. वीज अधिकारी यांस. विषय: वसाहतीतील गुरुवारचा बंद शुक्रवार ते बुधवारही लागू करणेबाबत. महोदय, पाड्यावरील रहिवाशांना सदर वारीही तहान लागत असल्याचे निदर्शनास आले आहे. अर्जदाराचा पगार पंप चालण्यावर अवलंबून असल्याने, त्याने पुढे हा अर्ज मागे घेण्याची विनंती केल्यास ती विचारात घेऊ नये. तरी उरलेले सर्व वार गुरुवार समजण्यात यावेत, ही नम्र विनंती."